नाना मिस्त्रींची काठी

नाना मिस्त्री कुठेही गेले तरी आधी त्यांची काठी पोचायची, मग नाना. हातभर लांबीची बाभळीची काठी. तिचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. यंत्राचं दुखणं म्हणे दातांतून थेट डोक्यात पोचतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा माझ्या सासऱ्यांच्या पाठीला काठी लावून त्यांनी "कमरेत खेळ आहे, सांधा ढिला झालाय" असं जाहीर केलं. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कल्याणात आमची नि नानांची भिंत एकच. मी गिरणीत कारकून, नाना त्याच गिरणीच्या नदीकाठच्या पंपावर. तिथं वाफेचं इंजीन पंप फिरवी आणि दोघांचे दांडे टोकाशी टोक आणून चामडी पट्ट्यांनी जोडलेले असत. गिरणीला पाणी जास्त लागलं की इंजिनाचा वेग वाढवायचा, आणि वेग वाढला की तासाभरात पट्ट्या फाटायच्या. मॅनेजरांनी जाड चामडं मागवलं. ते आणखी लवकर फाटलं.

फाटके तुकडे नाना उपरण्यात बांधून घरी आणत. "चामडं बिचारं खरं बोलतं," हे त्यांचं पालुपद. "हरएक पट्टीची कड झिजलीय बघा. दांडे एका रेषेत नाहीत." पण रोज सकाळी दोरा ताणून पाहावं, तर रेघ अगदी सरळ.

शेवटी मॅनेजर म्हणाले, "आता पट्टी तुटली की नाना घरी, आणि मुंबईचा फिटर इथं." बायको गेल्यापासून नानांचं घर म्हणजे नुसती खोली होती, सारा जीव त्या पंपात. त्या रात्री पलीकडे भांडं वाजलं नाही, तेव्हा ते जेवले नाहीत हे आम्हांला कळलं.

दोन दिवसांनी सकाळीच नाना दारात हजर. "भाऊ, सापडलं. दोरा मी थंड इंजिनाला लावतो. तापलं की ते केसभर वर चढतं, पंप आपला जागच्या जागी."

त्यांनी तापल्या इंजिनाशी दोरा ताणला, पंपाखाली तांब्याचा पातळ पत्रा सारला. महिना गेला, पूर्ण वेगातही पट्टी शाबूत. मॅनेजर खूश होऊन आले, तर नानांनी त्यांच्या खिशातल्या घड्याळालाच काठी लावली.

"पण हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"वहिनींच्या जात्यावरून. दळायला बसतात तेव्हा एक आवाज, जातं तापलं की दुसरा. म्हटलं, इंजीनही तापून बदलत असेल."

आमचं जातं पार मागच्या खोलीत. "तुम्हांला तिकडून ऐकू येतं?"

नाना काठीकडे बघत राहिले. "रोज पहाटे भिंतीला लावतो. आमच्याकडचं जातं थांबलं ना, तेव्हापासून."

हिनं आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी जातं ओढत नानांच्या भिंतीशी आणलं, आणि ओव्या जरा मोठ्यानं म्हणू लागली.