जमिनीखालचा गॅस आणि आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत, आडवे होत. फरशीच्या फटीला नाक लावून हुंगत आणि उठून धोतर झटकत म्हणत, "खालून येतंय." या गॅसला वास नसतो, रंग नसतो, हेही तेच सांगत. मग हुंगता कशाला, असं कुणी विचारलंच तर त्याला अडाणी ठरवून मोकळे होत.

बीडच्या आमच्या गल्लीत तेव्हा नुकतंच केबल आलं होतं आणि आप्पांचा पुतण्या कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला होता. तिथे घर घेताना रेडॉन नावाचा गॅस तपासतात, हे त्याने फोनवर सांगितलं. खडकातून निघतो, फटींतून वर येतो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसं खातो. झालं, आप्पांनी गल्लीतल्या साऱ्या फटी बुजवायला घेतल्या. त्यांचं सिमेंटचं दुकान, त्यामुळे लोकांना वेगळीच शंका आली. पण ते सिमेंट फुकट देत, आणि फुकट देणाऱ्या व्यापाऱ्याकडे आमच्या गल्लीने आणखीच संशयाने पाहिलं.

पुढे पुतण्याने तपासणीची डबी पाठवली. चपटी, आत कोळशाची पूड, वर जाळी. बंद खोलीत उघडी ठेवायची, मग झाकण लावून अमेरिकेला परत धाडायची. आप्पांनी ती मधल्या खोलीत ठेवली, कारण त्यांची एकुलती एक लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला त्याच खोलीत येणार होती. आप्पांची बायको गेलेली, म्हणून बाळंतपण माझ्या सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. त्या खोली बघायला गेल्या, तर डबी दिसली. हेअरपिनने जाळी उचकटून त्यांनी चिमूटभर पूड घेतली आणि दात घासले. "अमेरिकेची मिश्री लई सपक हाय," असा निकाल त्यांनी अमेरिकेच्या आधी दिला.

आप्पा हादरले. दुसरी डबी येईपर्यंत सुमन बाळंत होऊन जायची. त्यांनी सरळ गवंडी बोलावला आणि मधल्या खोलीच्या भिंतीला खिडकीसाठी भगदाड पाडलं. आता सासूबाई खवळल्या. बाळंतिणीची खोली म्हणजे दार लावलेलं, ओव्याची धुरी केलेली. तिथे खिडकी? पोरीला वारं लागलं तर कोण निस्तरणार? खिडकी राहिली तर मी पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांच्याशिवाय सुमनचं करणारं कुणी नव्हतं आणि आप्पांना ते पुरतं ठाऊक होतं.

समेट करायला मी सासूबाईंना घेऊन गेले. आप्पा गवंड्याबरोबर भगदाडासमोर उभे होते. सासूबाईंनी विचारलं, "खिडकी कावून पायजे तुमाला?" मला वाटलं, आता तासभर गॅसवर ऐकावं लागणार.

"सुमनची आई हितंच पडून होती, मावशी," आप्पा म्हणाले. "दम लागायचा तिला. म्हणायची, एक खिडकी काढा हो, जीव कोंडतोय. मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. सिमेंटवाला मी, आन् बायकोला एक खिडकी दिली न्हाई."

सासूबाईंनी खाट कुठे टाकायची ते हाताने दाखवलं आणि त्या गवंड्याकडे वळल्या.

"चौकट अजून खाली घे," त्या म्हणाल्या. "पोरीला पडल्यापडल्या बाहेरचं दिसलं पायजे. पडद्याचं मी बघते."