गाडी समक्ष आणावी

'सायेब, हळूच सांगतो,' असं सोपानतात्या म्हणाले, की आमच्या आळीतल्या बायका भांडी घासायच्या थांबत. शेजारच्या सलूनमधली कात्रीही थांबे. कारण तात्यांचं हळूच सांगणं रस्त्यापलीकडच्या एसटीच्या थांब्यावर स्वच्छ ऐकू जाई, आणि त्यात बहुधा कुणाचं तरी गुपित असे.

कासार आंबोलीत तात्यांची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या धडधडाटात उभं राहून जन्मभर बोललेला माणूस. गिरणी बंद असली तरी त्यांच्या कानात ती चालूच असावी. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, आणि भुवयांवर पिठाचा असा थर की चिडले की थोडं पीठ खाली सांडायचं.

मी मूळचा लातूरकडचा. हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेबाचं काम, आणि घर स्वस्त मिळालं म्हणून इकडे आलेला. स्वभावाने अबोल. शेजाऱ्याला नमस्कार करायचा तरी आधी मनात जुळवाजुळव करावी लागते. तात्यांनी मला का धरलं ठाऊक नाही. बहुधा मी मध्ये बोलत नसे म्हणून.

एकदा दळण घेताना त्यांनी मला जवळ ओढलं. 'कुनाला बोलू नका, हळूच सांगतो. सरपंच केसाला काळं लावत्यात.'

थांब्यावर उभ्या असलेल्या सरपंचांनी तिथूनच उत्तर दिलं, 'तात्या, मेंदी हाय ती.'

'मेंदी काळी असती व्हय?' तात्यांनी मला विचारलं, तितक्याच हळू.

दुसऱ्या वेळी पाळी माझी होती. महिनाअखेरीला रेशनचा गहू दळायला नेला, तर तात्यांनी तो मुठीत घेतला आणि माझ्या कानाशी लागून सगळ्या रांगेला ऐकवलं, की हा रेशनचा दिसतोय, खडे हायेत, चाळून आणत चला. बायको पुढे महिनाभर दळणाला म्हणून बाहेर पडली नाही. मयताला गेले तरी हेच. घरच्यांच्या कानात 'सुटला बिचारा, आन् तुमीबी सुटलात' असं सांगायचे, आणि सगळी मंडळी खाली बघायची, कारण प्रत्येकाच्या मनात तेच असायचं.

कॅन्टीनमध्ये मी तात्यांची नक्कल करायचो. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकायला खुर्च्या ओढून बसले. ते आठवलं की आजही मला कानकोंडं होतं.

दोन हजार नऊच्या सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी तात्या घरी आले ते तोंड धुऊन. त्यांच्या भुवया काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक जुनं आरसी बुक.

'आनलाइन येतंय ना तुमाला?' त्यांनी विचारलं.

हा माणूस मोबाइलला 'खिशातली कटकट' म्हणायचा. विजेचं बिल भरायला पौडला जायचा आणि तिथल्या माणसाशी भांडून परत यायचा. त्याला एकदम ऑनलाइनची ओढ लागलेली. सलूनमध्ये कुणीतरी सांगितलं होतं, की आरटीओची कामं आता इंटरनेटवर होतात. गाडीची पंधरा वर्षं भरली, नोंदणी पुन्हा करून घ्यायची, पण करायची ती ऑनलाइनच, असं तात्यांनी मला दोनदा बजावलं.

मी बुचकळ्यात. तात्यांची सायकल मी रोज बघत होतो, गाडी कधी पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणाले, 'हाय एक.' एवढ्या कमी शब्दांत त्यांनी कशाचंही उत्तर दिल्याचं मला आठवत नव्हतं.

मी कॉम्प्युटर लावला. तात्या स्क्रीनपुढे वाकले आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका मुळशी, असं सगळं त्याला खणखणीत सांगितलं.

'तात्या, त्याला ऐकू येत नाही. टाइप करावं लागतं.'

'मग तर मोठ्यानं बोलाय पायजे.'

फॉर्म सापडला. बिनगियरची मोपेड, मालक तात्याच. प्रिंट काढली आणि खालच्या सूचना वाचून दाखवल्या. शेवटची सूचना अशी, की वाहन तपासणीसाठी समक्ष हजर करावे. मी समजावलं, एक दिवस गाडी पुण्याला ऑफिसात न्यायची, साहेब बघतील, चासीचा नंबर ताडतील, की झालं काम.

'म्हंजे गाडी न्ह्यावी लागती?'

'हो तर.'

'मग आनलाइन कसलं ह्ये?'

'फॉर्म ऑनलाइन. गाडी समक्ष.'

तात्या बसून राहिले. बायकोने आणलेल्या चहावर साय धरली. मग उठले आणि म्हणाले, 'सायेब, जरा भाईर चला. हळूच सांगायचंय.'

या वेळी त्यांना खरंच हळू सांगायचं होतं. आम्ही आळी सोडली, ओढा ओलांडला, कापणी झालेल्या भातखाचरांत आलो. तात्यांनी चारी बाजूंना पाहिलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि बोलले. दूर चरणाऱ्या दोन म्हशींनी माना वर केल्या.

'गाडी सुनंदाकडं हाय. माज्या पोरीकडं.'

तात्यांना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. इथे राहायला येऊन मला सहा वर्षं झाली होती. गावाचं एकही गुपित तात्यांनी ठेवलं नव्हतं, त्यांचं हे एक मात्र गावाने ठेवलं होतं.

तात्यांची बायको लवकर गेलेली. पोर गिरणीत, पोत्यांवर खेळत वाढली. पौडला कॉलेजात जायला लागली तेव्हा तात्यांनी तिला ती गाडी घेतली, आपल्याच नावावर. पुढे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या एका कारखान्यात काम करणारा मुलगा तिने पसंत केला. जात वेगळी. तात्या गिरणीच्या पायरीवरून बोलले, की त्याच्याशी लग्न करणार असशील तर ह्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. ती त्याच गाडीवर बसून गेली. त्याला नऊ वर्षं झाली होती.

'दुसरा बाप घरात बोलला असता, चार दिसांनी इसरला असता,' तात्या म्हणाले. 'माजं समद्या गावानं ऐकलं. गावासमोर बोललेलं माघारी कसं घ्यायचं? हळू बोलाय आलं असतं ना सायेब, तर कवाच घेतलं असतं.'

ती अजून तीच गाडी वापरते, लेकीला शाळेत त्याच गाडीवर सोडते, हे त्यांना येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळलं होतं. पंधरा वर्षं भरलेली, मालक दुसरा, पोलिसांनी अडवलं तर पोरीने काय दाखवायचं? म्हणून ऑनलाइन. गाडी न नेता, तिला न विचारता काम उरकायचं आणि नवे कागद कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायचे, असा त्यांचा बेत.

तिला फोन करा, गाडी घेऊन ये म्हणा, असं मी सुचवलं.

'तुमी करा. हापिसातलं मानूस म्हनून.'

नंबर त्यांना पाठ होता. लावलेला मात्र कधी नव्हता.

मी तिथेच, खाचराच्या बांधावर उभा राहून फोन लावला. तिचा आवाज इतका बारीक होता की मला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला. मी कोण, कुठून बोलतोय, गाडीचं काय आहे, ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आमच्या सातारच्या ऑफिसात नाही का होणार?'

होण्यासारखं होतं. पत्ता बदलायचा, इकडच्या ऑफिसची परवानगी घ्यायची, दोन-चार कागद जास्त. त्याच वेबसाइटवर मी ते अर्ध्या तासापूर्वी वाचलं होतं.

'नाही,' मी म्हणालो. 'गाडी इथंच आणावी लागेल. आणि गाडीबरोबर तुम्हीही.'

तिने विचारलं, 'तात्यांना चालेल?'

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, शाळेत मास्तर निकाल वाचताना मुलं त्यांच्या ओठांकडे बघतात तसे.

'नियमच आहे,' मी म्हणालो. 'चालवून घ्यावं लागेल त्यांना.'

हे खोटं होतं, असं मी सुनंदाला कधी सांगितलं नाही, तात्यांनाही नाही, बायकोलाही नाही. हिशेबातला पै-पैचा फरक मला झोपू देत नाही आणि हे पचवून बसलो. बोचतं अजून. पण पुन्हा तोच फोन आला तर वेगळं बोलेन, असं काही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

ती रविवारी येणार होती, सोमवारी गाडी ऑफिसात न्यायची होती. रविवार म्हणजे गिरणीचा गर्दीचा वार, तरी तात्यांनी सकाळपासून गिरणी सुरूच केली नाही. लोक डबे घेऊन आले, दळण होणार नाही हे कळलं, आणि एकही जण घरी गेला नाही. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला एक जण टॉवेलसकट दारात उभा.

अकराच्या सुमाराला गाडी आली. पुढे पायाशी पाच-सहा वर्षांची मुलगी उभी, हँडल धरून. सुनंदाने गाडी गिरणीपुढे थांबवली, पण ती उतरली नाही. एक पाय रस्त्यावर टेकवला, दुसरा गाडीवरच ठेवला आणि पायरीकडे बघत राहिली.

तात्या खाली उतरले. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. गाडीशी उकिडवे बसले. टायर अंगठ्याने दाबून पाहिले. उठून ब्रेक आवळला, हॉर्न वाजवला, दिवा लावून विझवला. मग तात्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या आंबोलीला ऐकू जाईल असं सांगितलं,

'गाडी नापास. असली गाडी सायबापुढं न्ह्यायची न्हाई. ब्रेक ढिल्लं हायेत. दुरुस्तीला हितंच ठिवावी लागंल.'

'तात्या, ब्रेक कालच करून घेतलेत,' सुनंदा म्हणाली.

'मी सांगतुया ना, ढिल्लं हायेत.'

ती उतरली. तात्यांनी हँडल हातात घेतलं, किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली आणि पायरीशेजारच्या उतारावरून गाडी आत ढकलायला लागले, पुढे उभ्या असलेल्या नातीसकट. गाडी दारातून आत गेली. सुनंदा पायरीपाशी आली, पदराने तोंड पुसलं आणि तिथूनच विचारलं, 'किती दिवस लागतील?'

'सांगता यायचं न्हाई,' आतून आवाज आला. 'ह्या गाडीचं पार्ट लवकर घावत न्हाईत.'