‘मिठाचा मुकुट’ या खेळातील समुद्राबाबत खुलासा

‘मिठाचा मुकुट’ या आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातून समुद्र काढून टाकण्यात आला आहे, अशी चर्चा आहे. असं काहीही झालेलं नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. समुद्र जागच्या जागी आहे. फक्त ओहोटी लागली आहे आणि ती तळापर्यंत गेली आहे, एवढंच.

माणसाचं मत हे माणसापेक्षा मोठं असतं. माणूस दमतो, झोपतो, आजारी पडतो. मत यातलं काहीही करत नाही, ते सदैव ताजंतवानं असतं. एखादी गोष्ट समजून घ्यायला माणसाला वेळ लागतो, मताला तो लागत नाही. या सत्यावर आमची कंपनी उभी आहे. (खरं तर ती एका दातांच्या दवाखान्यावर उभी आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर आमच्या टेबलांवरचे कप थरथरतात. खेळातल्या समुद्री राक्षसाची किंकाळी आम्ही तिथूनच घेतली. किंकाळी पेशंटची, यंत्राची नव्हे.)

खेळ चाच्यांचा आहे. तुम्ही स्वतः चाचे. एका मेलेल्या राणीचा मिठाचा मुकुट समुद्रापलीकडच्या बेटावर पडलाय, तो पाणी लागू न देता परत आणायचा. वाटेत भुतं, जलपऱ्या, राक्षस आणि तुमच्याच धंद्यातले इतर लोक. राक्षस आमच्या राक्षसवाल्याने केला, समुद्र लाटवालीने. कंपनीच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. (त्यांची आईसुद्धा.) माझं काम खेळाडूंची मतं वाचून दादांना सांगणं. मला खुर्ची नव्हती, कारण मतं उभ्यानेही वाचता येतात.

खेळ बाजारात आला त्या दिवशी दादांनी नियम जाहीर केला: ज्या मताला पाचशे अंगठे पडतील, ते मत राहत नाही, तो आदेश होतो. नियम थोर होता. यामुळे विचार करायचा वेळ वाचला आणि तो सगळा आदेश पाळण्याकडे वळवता आला.

मतं देणाऱ्यांचे मी अभ्यासाअंती काही वर्ग पाडले आहेत. ज्यांनी खेळ खेळला आणि ज्यांना तो आवडला, ते मत देत नाहीत, कारण ते खेळत असतात. ज्यांना आवडला नाही ते दोन ओळी खरडून आपल्या कामाला लागतात. तिसरे ते, ज्यांच्या भावाने तो खेळलाय. आणि चौथे, ज्यांचं मत खेळ तयार व्हायच्या आधीच तयार होतं. कंपनी त्यांना ‘पायाभूत ग्राहक’ म्हणते. शेकडा ऐंशी अंगठे त्यांचेच. उरलेले वीस चुकून दाबले जातात.

पहिल्याच महिन्यात पुष्कळ प्रगती झाली. पोपट शिव्या देतो अशी तक्रार होती. तो आता ‘आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे’ असं म्हणतो, आणि लोकांना ते पूर्वीपेक्षा जास्त लागतं. सांगाड्यांची फौज उपाशी दिसते असं कुणीतरी लिहिलं, म्हणून सांगाड्यांना मांस दिलं. मांस आलं म्हणून कपडे आले, कपडे आल्यावर ते चांगल्या घरचे दिसू लागले, आणि आता त्यांच्यावर तलवार उगारायला कुणाचा हात धजत नाही. न विचारता लुटणं असभ्य आहे, या मताला नऊशे अंगठे पडले. तेव्हापासून समोरच्या जहाजाला आधी विचारलं जातं: ‘आपल्याला लुटायचं का? हो / नंतर सांगतो.’ आजवर एकूण एक जहाजांनी नंतर सांगतो म्हटलं आहे.

राक्षसाला आठ हात आणि खेळाडूला दोनच, हाही अन्याय निघाला. राक्षसवाल्याने डोळे मिटून सहा हात छाटले. दोन हातांचा राक्षस हुबेहूब खालच्या डॉक्टरांसारखा दिसू लागला.

“आता तर जास्त भीती वाटते,” राक्षसवाला म्हणाला. पण हे मत बिनअंगठ्याचं होतं.

मग ते मत आलं. ‘ओलापाय’ या टोपणनावाच्या खेळाडूचं. संपूर्ण मत असं: ‘समुद्र जास्त आहे.’ संध्याकाळपर्यंत त्याला चार हजार अंगठे.

हा समुद्र लाटवालीने तीन वर्षं खपून केला होता. घरी बादलीत पाणी भरायचं, हलवायचं आणि बघत बसायचं. तिच्या आईचं धुणं त्या बादलीसाठी ताटकळायचं. लाट मागे सरली की वाळू आधी काळी पडते आणि मग कडेकडेने उजळत जाते. हे तिने केलं होतं आणि तिला ते कुणीही सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात याला शिस्तभंग म्हणतात.

“दादा, चाच्यांचा खेळ आहे हा,” लाटवाली म्हणाली. “समुद्र काढला तर हे लोक जाणार कशावरून?”

“त्याबद्दल मत येईल ना.”

“आणि नाही आलं तर?”

“तर त्यांना अडचण नाही, असं धरायचं. अगं, मनाला लावून घेऊ नकोस. समुद्र वाईट आहे असं कुठे म्हणतायत ते? जास्त आहे, एवढंच.”

“मग थोडा कमी करते.”

“किती जास्त आहे ते त्यांनी लिहिलेलं नाही. अर्धा ठेवला आणि तोही जास्त निघाला तर? त्यापेक्षा एकदाच काय तो काढून टाकू.”

लाटवालीने मला खिडकीपाशी ओढलं. “ए मतवाल्या, हा ओलापाय खेळतो कसा, ते मला दाखव.”

प्रत्येक खेळाडू काय करतो ते आमच्याकडे साठवलेलं असतं. ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं, कारण कुणी तसं मत दिलं नव्हतं. आम्ही लावलं.

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही धक्क्यावर उभे असता, तोंड समुद्राकडे. शेजारी एक म्हातारा नावाडी. तो एवढंच बोलतो: “तुझं जहाज मागच्या खाडीत बांधलंय, पोरा. वळ.” ओलापायने दुसऱ्या शब्दाला बटण दाबून म्हाताऱ्याला गप्प केलं आणि पाण्यात उडी टाकली. मग तो पोहला. पोहतच राहिला. मध्ये जेवून आला आणि पुन्हा पोहला. समोर बेट नाही, जहाज नाही, काही नाही. शेवटी त्याने मत लिहिलं.

आम्ही इतरांचंही लावून पाहिलं. अंगठे देणाऱ्यांपैकी ज्यांनी खेळ उघडला होता, ते झाडून सगळे पोहत होते. भर समुद्रात ही गर्दी. तिथेच त्यांच्या ओळखी झाल्या होत्या, तिथेच त्यांनी एकमेकांच्या मतांना अंगठे दिले होते. ‘चाच्यांच्या खेळात जहाजच नाही’ हे दोन नंबरचं लोकप्रिय मतही याच पाण्यातून आलं होतं. मागे खाडीत हजारो जहाजं धुऊनपुसून तयार, आणि त्यांच्यावर चिटपाखरू नाही.

“यांना नुसतं वळवून उभं करू या,” लाटवाली दादांना म्हणाली. “समोर जहाज दिसलं की चढतील. चहा होईपर्यंत होईल काम.”

“कुणी मागितलंय?”

“कुणीच नाही, दादा. पण…”

“मग पाचशे अंगठे आण. नियम सगळ्यांना सारखा.”

लाटवालीने टोपणनाव घेतलं आणि मत लिहिलं: ‘सुरुवातीला खेळाडूचं तोंड जहाजाकडे करावं.’ त्याला चार अंगठे पडले. तिचा, माझा, तिच्या आईचा आणि एक चुकून. त्याखाली ओलापायने उत्तर दिलं: ‘आधी खेळून तरी बघ, मग शिकव.’ या उत्तराला सातशे अंगठे पडले, म्हणजे नियमाप्रमाणे तो आदेश झाला. लाटवालीला तीन वर्षं केलेला खेळ, आदेशाचं पालन म्हणून, कामाच्या वेळात बसून खेळावा लागला.

“मग? कसा वाटला?” दादांनी विचारलं.

“समुद्र चांगला आहे,” ती म्हणाली.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला. एक झाला.

दुपारी तिने समुद्र उतरवला, पेनड्राइव्हमध्ये घातला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि राजीनामा देऊन घरी गेली. तिची खुर्ची मला मिळाली. या प्रकरणात कुणाचंच भलं झालं नाही, असं म्हणता येणार नाही.

ओहोटीनंतरचे दिवस भरभराटीचे होते. जहाजं तळाच्या चिखलात कलंडून पडली, तेव्हा चाकांची मागणी आली. चाकांमागून रस्ता आला, रस्त्यामागून गतिरोधक. चाचे लाल दिव्याला थांबू लागले. एकाने कौतुकाने लिहिलं की या खेळामुळे त्याला ऑफिसला गेल्यासारखं वाटतं. त्याने चार तारे दिले. (पाचवा पार्किंग नाही म्हणून कापला.)

आणि एके सकाळी ओलापाय परत आला. ‘समुद्र कुठे गेला? समुद्र हाच तर या खेळाचा प्राण होता. कंपनीला खेळाडूंची किंमत नाही.’ अकरा हजार अंगठे. आदेश.

दादांनी लाटवालीला फोन केला, तिने उचलला नाही. तेव्हा दादा आणि मी तिच्या घरी गेलो. दार आईंनी उघडलं, पण “बसा हं, मी जरा वादळात आहे,” असं म्हणून त्या लगबगीने पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसल्या. पडद्यावर समुद्र होता. पूर्ण. जहाज शिडं फुगवून चाललं होतं.

“काकू, तुम्हाला जहाज सापडलं?” मी विचारलं.

“त्या म्हाताऱ्या नावाड्याने सांगितलं की. त्याचं बोलणं मध्येच कसं तोडायचं? वयाने मोठा माणूस.” त्यांनी सुकाणू फिरवलं. “मुकुटही आणला होता परवा. पण ठेवणार कुठे? दमट हवा. परत नेऊन ठेवला.”

“समुद्र दे बाई,” दादा लाटवालीला म्हणाले. “लोक मागतायत.”

“एका साबणाच्या जाहिरातीवाल्यांनीही मागितलाय. त्यांना फक्त फेस हवाय. बाकीचा टाकून देणार म्हणाले.” ती गरम पाण्याची बादली उचलायला उठली. “महिनाअखेरीपर्यंत थांबते, दादा. तोवर मला एवढंच दाखवा: पाचशे माणसांनी एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता, ऐकली किंवा वाचली. त्या दिवशी समुद्र तुमचा.”

“कुठली गोष्ट?”

“कुठलीही. जे झालं तेच लिहा.”

“आणि पाचशे नाही झाले तर?”

“तर अंघोळ करताना दिसेल तुम्हाला,” आईंनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं.

म्हणून हा खुलासा. तो आज आम्ही दुसऱ्यांदा लावत आहोत. पहिल्या वेळी त्यावर दोन हजारांहून जास्त मतं आली. सर्वांत लोकप्रिय ‘लांब आहे’ आणि त्याखालोखाल ‘समुद्राबद्दल यात काहीच नाही’. शेवटपर्यंत पोचलेले वाचक दोन: मी, कारण मी लिहिला, आणि लाटवालीची आई. मधला भाग काढा, या मताला सहाशे अंगठे पडले होते. या एका बाबतीत कंपनीने नियम मोडून मधला भाग तसाच ठेवला आहे, आणि अजून कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

महिना संपत आला आहे. साबणवाल्यांचा माणूस रोज फोन करतो. तरी वाचकांना कळवण्यात येतं की पहिला परिच्छेद वाचून थेट या परिच्छेदावर आलेल्यांची गणना पाचशेत होणार नाही. कोण कुठून उडी मारून आलं, ते आम्हाला इथे दिसतं. ज्यांनी आपलं मत आधीच नोंदवलं आहे, त्यांनी ते कृपया मागे घ्यावं, खुलासा सुरुवातीपासून वाचावा आणि त्यानंतर तेच मत पुन्हा नोंदवावं, ही नम्र विनंती.