काकूंच्या मामाचा गुंड

वामनकाका कोणाच्याही घरी गेले की आधी तांब्यावरचं नाव वाचतात, मग पाणी पितात. कधी कधी पाणी राहूनच जातं. तांब्या उजेडाकडे धरायचा, काठावरून अंगठा फिरवायचा आणि भर बैठकीत विचारायचं, "हा त मागच्या गल्लीतल्या बँडवाल्याच्या पोरीच्या लग्नातला दिसते. तुमच्याकडं काहून?" आता काय सांगणार? मागून आणलेलं भांडं परत करायचं कोणत्या घरात राहत नाही? पण चारचौघांत कोणी असं विचारतं का! दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत काका येताना दिसले की बाया आता तांब्या आत सरकवतात आणि प्लास्टिकची बाटली पुढे करतात.

आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. मी घरी ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनवर पाय मारून रविवारी जरा पाठ टेकावी म्हटलं, तर खिडकीत काका उभे. "मंदा, सुई ओवते ना तू? मंग हे नाव वाच जराक." माझ्या डोळ्यांची ही कीर्ती मला फार महागात पडली. कित्येक वर्षं झाली, आठवडी बाजारातून काका जे जे उचलून आणतात ते मी वाचते. थकले बाई मी.

आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नावं घालतात, ते तुम्हाला माहीत आहेच. अमकीस मावशीकडून, तमकीस आजोबांकडून, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. काकांना फक्त असली भांडी लागतात. नाव नसलं तर सोन्याचं असलं तरी नको. तांब्याचा बंब, गंगाळ, पराती, तपेली, पानपुडे, घागरी, सगळं मोडीच्या दुकानातून सोडवून आणलेलं. घरात चालायला वाट नाही. गच्चीवरचे डबे उन्हाळ्यात वारा सुटला की असे खडखडतात, की माझी सासू झोपेतून उठून विचारते, "बारात आली काय वो?"

काका नोकरीला होते ढोरांच्या दवाखान्यात, कंपाउंडर. ती सवय काही गेली नाही. भांडं हाती आलं की आधी पोटावर टिचकी मारतात, कान लावतात, मग म्हणतात, "तब्येत चांगली आहे." पोचा आलेला असला तर "मार खाल्ला बिचाऱ्यानं." मोडवाल्याला तर ते कसाईच म्हणतात, तेही त्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पिऊन.

एकदा मला घाटंजीच्या बाजाराला सोबत नेलं. मी कशाला गेले कोण जाणे, अस्तराचं कापड स्वस्त मिळेल म्हणाले होते. कापड राहिलं बाजूला, येताना जीपमध्ये काकांच्या मांडीवर हे एवढं गंगाळ! ड्रायव्हर म्हणाला, "काका, याची सीट लागन." काका म्हणाले, "सीट कायची? यात सवारी बसव ना तू." शेजारच्या म्हातारीनं खरंच आपली कोंबडी त्यात ठेवून दिली. कोंबडीनं दारव्ह्यापर्यंत काय काय केलं ते विचारू नका. घरी आल्यावर ते धुतलं मी, कारण आतलं नाव वाचायचं होतं.

बरं, नुसतं जमवून गप बसतील तर ते काका कसले. नावावरून माणूस शोधायचा आणि भांडं घरपोच द्यायचं, हा पुढचा उद्योग. "मालकाले माहीत नसन बिचाऱ्याले," म्हणतात. मालकाला चांगलं माहीत असतं, त्यानंच मोडीत घातलेलं असतं! एका बाईंनी तर दारातूनच हात जोडले. "दादा, मोठ्या मुश्किलीनं गेलतं घरातून. आणलं तसं घेऊन जा." काका परात काखेत मारून परत आले आणि दोन दिवस त्या बाईंवर रुसून बसले. त्या बाईंना याचा पत्ताही नाही.

आणि हे सगळं चालवून घेणाऱ्या सुशीलाकाकू. बोलणं कमी, काम सतत. भांड्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाक करतात. मी कधी म्हटलं, "काकू, तुम्ही काही बोलत नाही त्यांना?" तर म्हणत, "दारू त नाही ना पीत. भांडेच आनते." विषय संपला.

पण काका भांडी का जमवतात, याचं खरं कारण मला माहीत होतं. काकांनीच सांगितलं होतं, आणि वर शपथ घातली होती, "तिले सांगू नको."

काकूंच्या लग्नात त्यांच्या मामानं पितळेचा गुंड दिला होता. गुंड म्हणजे पोलीस शोधतात तो नव्हे, आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. काकूंना आईबाप नव्हते, मामानंच वाढवलं, मामानंच उजवलं. त्याच्याकडे देण्यासारखं ते एवढंच होतं. पुढं काकू बाळंतपणाला मामाकडे गेल्या. तेव्हा स्टीलची नवी नवलाई होती. काकांना वाटलं, बायको येईल तेव्हा घर कसं चकचकीत दिसलं पाहिजे. दिला गुंड मोडीत, आणली स्टीलची भांडी आणि ओळीनं मांडली. काकू लेकीला घेऊन आल्या. दारातूनच त्यांची नजर पाण्याच्या जागेवर गेली. काकांनी मोठ्या हौसेनं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं."

"भांडली असती त बरं झालं असतं, मंदा," काका मला म्हणाले होते. "रडली असती तरी. नुसती बरं म्हनली. त्याच वर्षी मामा गेला तिचा. मले तिचा गुंड तिच्या हातात द्याचा आहे. तो शोधाले जातो, त दुसऱ्यायच्या नावाचे भांडेही मोडीत सोडवत नाही. माया डोयादेखत तिनं त्यात पानी भरलं पायजे. बस."

ते ऐकल्यापासून माझी चिडचिड निम्मी झाली. निम्मी राहिली, ती हक्काची आहे. पण 'सुशीला' हे नाव आणि 'मामाकडून' हा शब्द शोधत मीही पितळ घासायला लागले. इतकी वर्षं आणि एवढी भांडी! मामांनी दिलेली कितीतरी निघाली, सुशीलाही निघाल्या, पण कोणाला आत्यानं दिलेलं, कोणाला थोरल्या काकानं. दोन्ही एका भांड्यावर कधी आलं नाही.

आणि या उन्हाळ्यात आलं.

काका महागावला गेले होते. परतले ते टोपी नाही, चप्पल तुटलेली, आणि पोटाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला गुंड. खिडकीत न येता थेट माझ्या घरात शिरले. "वाच." मी वाचलं. चि. सुशीला हिस मामाकडून सप्रेम. "पुन्हा वाच." वाचलं. "मोठ्यानं वाच वो!"  मी नुसती मान हलवली आणि काका माझ्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. गिऱ्हाइकाच्या नव्या कापडावर. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, म्हणजे बघा.

चिंच आणि मीठ लावून आम्ही दोघांनी तो घासला. घासताना काका गुंडाशी बोलत होते. "कुठी कुठी हिंडला रे बावा तू." मग आम्ही तिकडे गेलो. काकू भाकरी थापत होत्या. काकांनी गुंड त्यांच्यासमोर ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले, शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहतात तसे.

काकूंनी पाहिलं. "कोनाचा आहे?"

"कोनाचा काय? तुया! मामानं देल्ला तो. घे, पानी भर."

काकूंनी पिठाचे हात पुसले. गुंड थोडा फिरवला. म्हणाल्या, "हा माया नाही."

"अवो, नाव पाहा ना! सुशीला लिवलं आहे. मंदा, वाचून दाखव इले."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मामानं गुंड घेतला तवा मी सुशीला कुठी होती?"

काका गुंडावरच्या अक्षरांवरून पुन्हा अंगठा फिरवायला लागले.

"सुशीला त तुमच्या मायनं ठेवलं, लग्न लागल्यावर, ताटात तांदूळ पसरून. मामानं त नाव आधीच घालून आनलं होतं. त्याले काय माहीत, माह्यं नाव बदलन म्हनून?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझंसुद्धा नाव लग्नात बदललेलं, माझ्याही भांड्यांवर वेगळं नाव, आणि मला मूर्खाला एकदाही हे सुचू नये! घरोघरी हेच. सासरी दिलेलं नाव इतकं अंगवळणी पडतं, की आधीचं कोणी विचारत नाही. काका इतकी वर्षं या जिल्ह्याच्या मोडीत जी सुशीला शोधत होते, ती त्यांच्या घरी आल्यावरच झाली होती. मामाच्या गुंडावर ती नव्हतीच.

काकांचा चेहरा मला बघवेना. ते हळूहळू खाली बसले, भांड्यांच्या मधोमध. "म्हनजे त्यावर दुसरं नाव होतं," ते म्हणाले. "माया हातानं मोडीत देल्ला, आन् त्यावरचं नावही नाही वाचलं मी." मग म्हणाले, "इतके वर्ष तुयाच गुंड शोधून राह्यलो होतो वो."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती मी उतरवली. काकू तशाच उभ्या. घरभर मांडलेल्या त्या पितळेवरून त्यांची नजर फिरत होती, आज पहिल्यांदा दिसल्यासारखी.

"हे सारं... मायासाठी?"

"मंग काय मायासाठी?" काका चिडले. "मले कायले पायजे एवढे भांडे? येडा आहे काय मी?"

एरवी या प्रश्नाचं उत्तर मी आनंदानं दिलं असतं.

"सांगतलं काहून नाही?"

"मिळाल्यावर सांगनार होतो." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काय नाव होतं वो त्यावर? लग्नाच्या पत्रिकेत वाचलं असन मी. पन आता ध्यानात नाही."

 काकूंनी परातीतलं पीठ सारखं केलं, पदर खोचला, पुन्हा काढला.

"कौतिका," त्या म्हणाल्या. "मामा कौतिकी म्हने. मामा गेला, मंग कोनीच नाही म्हनलं."

इथून निघावं, हे मला कळत होतं. दोघांच्या मधलं ते, मी परकी. पण पाय निघाले फक्त दारापर्यंत. डोळे भरून आले होते, उंबरा नीट दिसत नव्हता.

आतून काकांचा आवाज आला. बाजारात मोडवाल्याशी भांडणारा तो आवाज नव्हताच. बोबडा, चाचपडत आल्यासारखा.

"कौतिका."

काकूंनी चुलीकडे तोंड फिरवलं.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

मी दारात होते, मला स्वच्छ ऐकू आलं होतं.