खिडकीखालचं सरकार

मुंबईत नवं मंत्रिमंडळ ठरायच्या आत आमच्या आळीचं मंत्रिमंडळ ठरलं पाहिजे, हा कंट्रोलरकाकांचा हट्ट. निवडणुकीचा निकाल लागला की ते इस्त्रीचा खाकी सदरा चढवत, ओटीवर खुर्च्या मांडत आणि शेजाऱ्यांना खाती वाटत.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आधी पेणच्या आणि मग रोह्याच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. चहाला बोलावतानाही सुरुवात "कृपया लक्ष द्या" अशी. शपथविधीत तर विचारूच नका. "कृपया लक्ष द्या! पानी खात्याच्या सुमनवहिनी ओटीवर लागत आहेत. शपथ घेऊन लगेच बसून घ्यावे, मागून परराष्ट्र खातं येत आहे."

परराष्ट्र खातं हसीनाचाचींकडे होतं, कारण त्यांचे यजमान कुवेतला. "राज्याला परराष्ट्र खातं नसतं, काका," मी म्हणालो होतो. "तुझ्या राज्याला नसल. आमच्या आलीला हाय." गृहखातं रमेश शिंप्याकडे. कोणाचं कोणाशी वाजलंय हे त्याला मशीन चालवता चालवता कळे.

मुख्यमंत्री मात्र कोणीच नव्हतं. विचारलं की काका म्हणत, "वर कलवलंय."

रोज संध्याकाळी प्रत्येक मंत्र्याने दिवसाचा अहवाल द्यायचा. तोही काकांच्या घराच्या खिडकीकडे तोंड करून. जरा आवाज खाली गेला की काका ओरडत, "मोठ्यांदा! मागच्या शिटावर ऐकू जायला पायजे!" मागे भिंत होती. शिटं कुठली?

काकी बरेच दिवस कोणाला दिसल्या नव्हत्या. "बरी हाय," एवढंच काका सांगत. आम्ही पुढे विचारत नसू.

पंच्याण्णव साली निकाल लागले. मुंबईत मलईदार खात्यांवरून रुसवेफुगवे चालू होते, आमच्या ओटीवर सुमनवहिनी "दिवाबत्तीबी मलाच पायजे" म्हणून अडून बसल्या होत्या, आणि मी घरी बसलो होतो. केमिकल कारखान्यातला आमचा कंत्राटदार हातमोजे न देता पोरांना अ‍ॅसिडची पिंपं उचलायला लावतो, असं पत्रक मी काढलं होतं. छापलं, वाटलं, आणि खाली स्वतःचं नावही घातलं. निनावी पत्रक म्हणजे तोंड लपवून मारलेली हाक, असं मी तेव्हा मानत होतो. आजही मानतो. माझी शिफ्ट त्याच दिवशी बंद झाली. आळीतली निम्मी पोरं त्याच कंत्राटदाराकडे होती. मी समोरून आलो की माणसं चपलेचा अंगठा बघू लागत.

काका दारात आले. "चल, शपथ घे."

"मी सत्तेत जात नाही, काका."

"तुला कोन घेतो सत्तेत? विरोधी पक्षनेता व्हायचाय. जागा रिकामी हाय."

मी ओटीवर चढलो तसा रमेश उठला. "काका, ह्याला घेऊ नका. माझा पोरगा कामावर हाय तिथं."

"कृपया लक्ष द्या! विरोधी पक्ष चढल्याबिगर गाडी सुटनार नाय."

खिडकीला लागून असलेली, हात असलेली एकुलती एक खुर्ची काकांनी मला दिली. रमेशने आपलं स्टूल दुसऱ्या टोकाला नेलं. पण गेला नाही.

मग मी रोज भांडलो. नळावरून, खांबावरच्या दिव्यावरून, मुंबईवरून. सुमनवहिनी तिथल्या तिथे परत करत, "तुज्या पत्रकानं हांडा भरतो का रं?" हसीनाचाची हसत. पहिले काही दिवस लोक फक्त ओटीवर माझ्याशी बोलत, नंतर नळावरही बोलू लागले. भांडायचं म्हणजे तोंडाकडे बघावं लागतंच. रमेश तेवढा माझ्याशी बोलत नव्हता.

एके दिवशी कारखान्याच्या गेटसमोरच्या सभेत घोषणा देऊन माझा घसा पार बसला. संध्याकाळी उभा राहिलो तर तोंडातून नुसता वारा.

"ऐकू येत नाय!" खिडकीच्या आतून बाईचा आवाज आला.

काकांनी माझा दंड धरला आणि पहिल्यांदा मला आत नेलं.

खिडकीला टेकून खाट होती. काकी तिच्यावर आडव्या. एक हात चालत होता, बाकी अंग नाही. उशाशी मिठाच्या कोमट पाण्याचा पेला तयार होता. माझ्यासाठी; ओटीवर चढताना माझा घसा ऐकून काकांनीच करून ठेवलेला.

"तू व्हय तो भांडकुदल?" काकी म्हणाल्या. "सगली ह्या खिडकीशी गोडच बोलाया लागली होती. आजाऱ्याशी बोलतात तशी. मीच ह्याना सांगितला, एक भांडनारा आना. सुमनला आज का सोडलास?"

काका पायथ्याशी उभे राहून चादर सारखी करत होते. ती आधीच सारखी होती.

"काका, मुख्यमंत्री...?" मी कसाबसा कुजबुजलो.

"वर कलवलंय म्हनालो ना," काका काकींकडे बघत म्हणाले. हळू. इतक्या हळू बोलता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं.

गुळण्या करून मी बाहेर आलो. आवाज नव्हताच. तेवढ्यात रमेश आपलं स्टूल उचलून माझ्या शेजारी आला आणि कान पुढे केला. "बोल. मी वरडतो."

मी त्याच्या कानात सांगितलं. तो खिडकीकडे वळून गरजला, "गृहमंत्री रमेश शिंपी निकम्मा आहे! त्याच्यावर अविश्वास ठराव!"

"नामंजूर!" आतून आलं. "माजं पोलकं कोन शिवल?"

हसण्याने ओटी हलली. मी पुढचं सांगितलं. रमेश थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. त्याचा पोरगा शिफ्टवरून येत होता, हात खिशात घालून. रमेशने छाती भरून घेतली.

"पोरांना हातमोजे मिळालेच पाहिजेत!"

आतून आलं, "मंजूर!"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ठराव पुकारायचं काम त्यांचं. "कृपया..." ते म्हणाले, आणि पुढे त्यांचा आवाज फुटेना.

म्हणून आम्हीच सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करून पुकारलं, मोठ्यांदा, मागच्या शिटावर ऐकू जाईल असं.