मारोतीभाऊंची स्प्रिंग

आमच्या अहेरीत एखादा रिटायर्ड बाबू वारला की सांत्वनाला पहिले पोचतात ते माझे शेजारी मारोतीभाऊ. मान खाली घालून बसतात, चहा नको म्हणतात, आणि मग थोरल्या मुलाला हळूच बाजूला घेतात. "बाबूजी गेले, लय वाईट झालं. त्यायची टाइपरायटर कुठी हाय?"

लोक चिडतात. भाऊंना त्याचं काही नाही. तहसीलसमोरच्या कडुलिंबाखाली त्यांचा जन्म लोकांचे अर्ज टाइप करण्यात गेला. कॉम्प्युटर आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी मशीन घरी आणून पडवीत मांडली. काम नसलं तरी दिवसभर खटखट चालू.

मग एक दिवस आतली स्प्रिंग तुटली. कागद धरणारा वरचा भाग, म्हणजे कॅरेज, अक्षरागणिक पुढे सरकतो तो या स्प्रिंगच्या जोरावर. ती गेली की सगळी अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसतात, कागद फाटतो. खटखट बंद पडली.

"भाऊ, आता भंगारात द्या," मी म्हणालो.

"काऊन? लोखंडच तं हाय. कुठी ना कुठी सापडतेच."

आधी सापडली ती माझ्या सासऱ्यांच्या चावीच्या घड्याळात. सासऱ्यांना न विचारता भाऊंनी ती काढून मशीनला बसवली. पहिलंच अक्षर दाबलं तशी कॅरेज सुसाट सुटली आणि माझा चहाचा कप थेट अंगणात. "ताकद हाय," भाऊ कौतुकानं म्हणाले, "पन शिस्त नाई."

पुढे कोणीतरी सांगितलं, माजरीला कोळसा खाणीतल्या एका रिटायर्ड बाबूकडे अगदी हीच मशीन आहे. आता रिटायर्ड बाबूची मशीन म्हटल्यावर बाबू गेलेलाच असणार, हा भाऊंचा हिशेब. मलाही सोबत घेतलं; पहाटेची एसटी, चंद्रपूरला गाडी बदलून माजरी. भाऊंनी सांत्वनाचा चेहरा करून कडी वाजवली. दार खुद्द बाबूंनीच उघडलं.

भाऊ गडबडले. "तुमी... हाये अजून?"

"हावो. काऊन?"

भाऊंनी सरळ स्प्रिंग मागितली. बाबूंनी आम्हाला चहा दिला, पण टेबलावरच्या मशीनवरचं फडकं काही काढलं नाही. "खोलाले देत नाई. मी मेल्यावर न्या."

"तेवढं थांबता नाई येनार जी."

"इतकं काम हाय तुमच्यापाशी?"

"काम कायचं!" भाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बायकोची नजर गेली."

वहिनींचे डोळे शुगरनं गेले, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"खटखट आयकू येत होती तवापावतर ती निवांत आपलं काम करे. आता घडीघडी हाक मारते. मी बाहेर असलो का शोधाले निघते. परवा पार विहिरीच्या काठावर उभी होती."

"मंग बोलत बसत जा तिच्यासंगं."

"इतक्या वरसाच्या संसारात दिवसभर बोलाले काय उरते? आमी तं तसे बोलनारे नाई."

"रेडिओ लावून द्या."

"देल्ला ना लावून! तं म्हनते, रेडिओ सगळ्यायच्याच घरी वाजते. तुमी घरी हाये, हे मले त्याच्यातून कसं समजन?"

बाबू उठले. कपाटातून पेचकस काढून मशीनपाशी गेले, पण तो हातातच राहिला. "निस्ती स्प्रिंग काऊन नेता? काढताना मोडली तं? पुरी मशीनच न्या." फडकं त्यांनीच काढलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं. "माह्या घरी आता आयकनारं कोनी नाई."

परतीच्या वाटेवर मशीन भाऊंनी मांडीवर धरली होती. कंडक्टरनं खाली ठेवायला सांगितलं तरी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटखट ऐकून मी पडवीत डोकावलो. भाऊ ऐटीत टाइप करत होते, 'माननीय तहसीलदार साहेब' पासून पुढे. अंगणात वहिनी सूप घेऊन मोहफुलं निवडत बसल्या होत्या.

कागद संपला, तसे भाऊ थांबले. सुपातला वहिनींचा हातही थांबला. नवा कागद आत गेला, खट्‌ झालं, आणि तो हात पुन्हा फुलांवरून फिरू लागला.