तुकडा दुधात

तपासल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये, हे तत्त्व त्याने कारखान्याच्या तपासणी विभागात पंधरा वर्षं प्राणपणाने पाळलं होतं. आज मात्र तो रजा घेऊन घरी होता, आणि चार वर्षांची चिमी तत्त्वं मानत नव्हती.

बायको आजच पुन्हा नोकरीवर रुजू झाली होती. "एवढीशी पोर सांभाळायला काय अक्कल लागते?" असं तो सासूबाईंसमोर बोलून बसला होता. आणि अकराच्या ठोक्याला चिमी सोफ्यावरून तोंडावर पडली. त्याने धावत जाऊन तिला आ करायला लावलं. वरच्या दाताचा कोपरा गायब!

"दुखतंय का गं?"

"गुडघा."

"गुडघ्याचं राहू दे! दात?"

"गुडघा दुखतोय म्हणते ना, बाबा!"

तेवढ्यात बायकोचा फोन. "सगळं ठीक ना रे?"

"एकदम! तू तुझं काम कर बघू."

ती सहाला येणार. त्याआधी दात जागेवर हवा, नाहीतर सासूबाईंपुढे जन्मभर मान खाली. तुटलेला तुकडा दुधात ठेवला तर चिकटवता येतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने सोफा ओढला, गालिचा झटकला, शेवटी चिमीला कशी पडलीस ते करून दाखवायला सांगितलं. तिने ते इतक्या हौसेने दाखवलं की दुसराही गुडघा फुटला. भिंतीकडेला एकदाचा पांढरा कण सापडला. एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हाताने कडेवर पोर, अशी वरात दवाखान्याकडे निघाली. निम्मं दूध शर्टाने प्यायलं.

"मला दे दूध."

"त्यात तुझा दात आहे!"

"मग दूध माझंच झालं ना?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने कण उचलला, उजेडात धरला.

"ही भिंत आहे."

"काय?"

"भिंतीचा पोपडा. दात जुनाच तुटलाय. गेल्या महिन्यात आई घेऊन आली होती, मीच कड घासून दिली. दोन-तीन वर्षांत पडेलच तो."

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ पारा चढला. म्हणजे चूक बायकोची! त्याने तिथूनच फोन लावला. "लेकीचा दात तुटतो आणि बापाला पत्ता नाही? या घरात मला कुणी विचारतं की नाही?"

"दवाखान्यात आहेस?" पलीकडून थंड आवाज आला. "बाईंना म्हणावं, चिमीचं कार्ड दाखवा."

बाईंनी कार्ड काढलं. दाताची कड घासायला दोन्ही पालकांची संमती लागत असे, म्हणून बायकोने ते आधी घरी आणून सही करून नेलं होतं. खाली दोन सह्या होत्या. दुसरी त्याची होती. शेजारी, सवयीप्रमाणे, त्याने 'तपासले' असंही लिहिलं होतं.